दिवा लागला तर

इमारतीतली पोरंसोरं त्यांना तरकाका म्हणायची, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. छत्री घ्यायला गेले, तर दुकानदाराला विचारणार, "दांडा मोडला तर?" लेकीला अभ्यासाचं टेबल आणायला म्हणून बाहेर पडले आणि बारा माणसांचं जेवणाचं टेबल घेऊन आले. का? "उद्या पाहुणे आले तर?" पाहुणे काही अजून आलेले नाहीत. येतील तरी कुठून, टेबलामुळे घरात शिरायला वाटच उरलेली नाही. स्वयंपाकघरात जायचं म्हणजे पोट आत घेऊन, एक खांदा पुढे काढून, भिंतीला पाठ घासत जावं लागतं. आपला बांधा अजून टिकून आहे तो या टेबलाच्या कृपेने, असं तरकाकांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

माणूस वाईट नव्हे हो. माणूस स्वप्नाळू. सॉफ्टवेअरची आखणी करणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग, आणि तो त्यांच्या हाडीमाशी असा मुरलेला, की सुट्टीच्या दिवशी दुपारी पलंगावर आडवे झाले की त्यांना छतावर चौकोन दिसायला लागायचे. चौकोनांना बाण फुटायचे, बाण तरंगत तरंगत दुसऱ्या चौकोनात शिरायचे, पंख्याच्या वाऱ्याने सगळं हळूहळू फिरायचं, आणि त्या गारव्यात तरकाकांचा डोळा लागायचा. जागे झाले की म्हणायचे, "झालं. आखणी पूर्ण झाली." कशाची, ते विचारायचं नाही.

तर झालं असं (हा तर माझा, त्यांचा नव्हे) की त्यांचे वडील, आप्पा, एका संध्याकाळी म्हणाले, "मला एक दिवा लावून दे."

"कसला दिवा?"

"दारावरची बेल वाजली की पेटेल असा. माझ्या खुर्चीसमोर. हल्ली मला बेल ऐकू येत नाही."

मागणी एवढीच. पण तिच्यामागे जे होतं ते आप्पा बोलले नाहीत, ते लेकीने सांगितलं. रस्त्यापलीकडे आप्पांचे एक जुने मित्र राहायचे. बारा महिने भुवयांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी, म्हणून सगळे त्यांना टोपीवाले म्हणत. आप्पा एकटेच टोप्या म्हणत. रोज दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, टोपीवाले बुद्धिबळाला यायचे. एकाला नीट ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला नीट दिसत नव्हतं, आणि लबाडी दोघंही सर्रास करत, त्यामुळे डाव बरोबरीत सुटायचा. पण अलीकडे आप्पांचे कान फारच गेले. श्रवणयंत्र होतं, पण ते शीळ घालायचं आणि आप्पांना वाटायचं कुणीतरी आपल्याला खालून बोलावतंय. म्हणून ते खणात गेलं. टोपीवाले बेल दाबायचे, उभे राहायचे, पुन्हा दाबायचे, आणि काठी टेकत जिना उतरून जायचे.

"आज जिन्यात बसलेले भेटले मला," लेक म्हणाली. "त्यांची मुलगी त्यांना कायमचं तिच्याकडे घेऊन जाणार आहे, परगावी. आजवर ते नाहीच म्हणत होते. तिला सांगायचे, दुपारी माझ्यासाठी एक दार उघडतं, तोवर मी इथून हलत नाही. आता म्हणतात, दार उघडेनासं झालं, मग राहू कशाला? महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती न्यायला येतेय."

"अगं, पण सांगायचं ना त्यांना, आप्पांना ऐकू येत नाही म्हणून!"

"सांगितलं. ते म्हणाले, त्याला ऐकू येत नाही आणि मला दिसत नाही हे जुनंच आहे. दार उघडत नाही हे नवीन आहे."

तरकाकांच्या बायकोने जादा किल्ली देऊन पाहिली होती. टोपीवाल्यांनी ती परत केली. "किल्लीने काय, चोरही शिरतो," ते म्हणाले. "आपण आलोय म्हटल्यावर कुणीतरी उठतं, चपला सरकवत येतं, कडी काढतं. माणूस त्यासाठी जिने चढतो, सूनबाई." दार उघडं ठेवावं, तर सोसायटीच्या सेक्रेटरींचा तळमजल्यावर फलक होता की दारे बंद ठेवावीत. राहता राहिला दिवा. बेलच्या तारेला जोडलेला एक दिवा.

"एवढं काय, उद्या बसवतो," असं तरकाका म्हणाले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच आठवड्यात ऑफिसात त्यांचा अपमान झाला होता.

ऑफिसात चाळीस माणसं. त्यांच्या रजेच्या अर्जाचं एक लहानसं सॉफ्टवेअर तरकाकांनी करायचं होतं. तरकाकांनी दहा हजार माणसांसाठी आखलं. माणसं वाढली तर? परदेशात शाखा निघाली तर? तिथे आठवड्याची सुट्टी मंगळवारी असली तर? रजेवर असताना माणसाने रजेत रजा मागितली तर? भिंतभर आकृती झाली. मोठ्या साहेबांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन पाहिली आणि म्हणाले, "हे शिकायला मला आधी रजा काढावी लागेल." सगळे हसले. तरकाका त्या दिवशी ऑफिसचा चहा प्यायले नाहीत.

साहेब स्वतः काही कमी नव्हते. त्यांनी कुठेतरी ऐकलं, की हल्ली सगळे अजाईल झालेत. अजाईल म्हणजे काम लहान लहान घासांत करायचं, जरा झालं की दाखवायचं, चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. हळूहळू अंगवळणी पडायची गोष्ट. साहेबांनी ती एका सोमवारी सकाळी अख्ख्या ऑफिसला एकदम लागू केली, दारावरच्या पहारेकऱ्यापासून हिशेबखात्यापर्यंत. रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याने बैठक घ्यायची. "उभ्याने घेतली तर ती बैठक कशी?" असं हिशेबखात्यातल्या गुडघेदुखीवाल्या बाईंनी विचारलं. त्यांना उत्तर मिळालं नाही, खुर्चीही मिळाली नाही. बैठक थोडक्यात आटपावी म्हणून उभ्याने, हा त्यातला मूळ हेतू. पण साहेब स्वतः येरझारा घालत बोलत, त्यामुळे ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाले.

तरकाकांना मात्र अजाईल मनापासून आवडलं. त्यातलं लहान घासांचं त्यांच्या डोक्यावरून गेलं असावं. रंगीत चिठ्ठ्यांचं तेवढं लक्षात राहिलं. रात्रीच्या जेवणाला त्या बारा माणसांच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात चौघं बसले असताना त्यांनी जाहीर केलं, "दिव्याचं काम आपण अजाईल पद्धतीने करणार आहोत."

"आजोळी?" आप्पा म्हणाले.

"आजोळी नाही आप्पा, अजाईल!"

"आजोळी आता कोण उरलंय माझ्या," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा घास हातात राहिला. "दुपारी दार उघडंच असायचं तिथे. मामा झोपलेला असायचा ओट्यावर. आपण आत शिरायचं, पाण्याच्या भांड्याशी जायचं... जायचं म्हणतोस? मी येतो. टोप्यालाही घेऊ."

त्या दिवसापासून घरात कामाचं नाव आजोळ पडलं. तरकाकांनी दोनतीनदा दुरुस्त करून पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात उभी बैठक सुरू झाली. बायको एका हाताने पोळपाट आवरत, लेक एका पायात मोजा घालत, आणि आप्पा खुर्चीत, कारण त्यांना उभं राहायला सांगायची तरकाकांची हिंमत झाली नाही. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय.

"काल डबे केले. आज डबे करणार. अडचण तुम्ही. वाटेतून बाजूला व्हा," बायको म्हणाली.

फ्रिजवर चिठ्ठ्या लागल्या. पिवळ्या म्हणजे करायचं आहे, गुलाबी म्हणजे चालू आहे, हिरव्या म्हणजे झालं. हिरवी एकही नव्हती. फ्रिजचं दार उघडमीट व्हायचं तसतशा चिठ्ठ्या गळायच्या. एक पिवळी आप्पांच्या सदऱ्याला पाठीमागून चिकटली आणि आप्पा ती तशीच घेऊन बागेत फिरून आले. "अजून हात लावलेला नाही. घाई नको," असं त्यावर तरकाकांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. बागेतल्या मंडळींना ते पटलं म्हणे.

आता, कुठलंही काम गुपचूप करावं अशी ती इमारत नव्हे. तरकाका जिन्यात मोजपट्टी घेऊन उभे राहिले आणि दारं उघडू लागली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले. "दिव्याचं काय घेऊन बसलात! बेल कोणी वाजवली त्याची नोंद राहिली पाहिजे. किती वाजता, कशासाठी, उशीर का झाला." समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचे पेशंट चुकून तरकाकांची बेल दाबायचे. "ज्याचा गाल सुजलेला असेल त्याला माझ्याकडे पाठवा ना तुमच्या मशीनमधून. कॅमेरा असेलच की." कॅमेरा नव्हता. पण डॉक्टरीणबाईंनी 'असेलच की' असं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? त्या दुपारी छतावर चौकोन तरंगले. एका चौकोनात कॅमेरा, एकात सुजलेले गाल, एकात हजेरी. बाण मऊ सुरात गुणगुणत इकडून तिकडे चालले होते, आणि मधोमध, पिसासारखे हलके, तरकाका. दिवा त्यात कुठेच नव्हता, हे जागे झाल्यावरही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग सेक्रेटरी आले. "भिंतीला भोक पाडणार?"

"लहानसं."

"भिंत आतून तुमची, बाहेरून सोसायटीची. भोक कुणाचं?"

तरकाका विचारात पडले. खरोखर, भोक कुणाचं? अर्ज द्यावा लागेल, सेक्रेटरी म्हणाले. अर्ज दिला. अर्जावर सेक्रेटरींची सही हवी होती आणि सेक्रेटरी स्वतःच्या सहीसाठी कमिटीची सभा बोलावू पाहत होते. सभेला कुणी येत नव्हतं. शेवटी भोक बाहेरून सुरू न करता आतून सुरू करावं आणि ते आपसूक बाहेर निघालं असं समजावं, असा तोडगा हेडमास्तरांनी काढला, आणि तो सेक्रेटरींना कायदेशीर वाटला.

वायरमन आला तो तरकाकांच्याच जातकुळीचा निघाला. त्याने बेलचं बटण उघडलं, आत डोकावला आणि हळहळला. "साहेब, दिवा काय, दोन तारा जोडल्या की लागेल. पण तसं करू नका. ही वायरिंग बघा. आज ना उद्या सगळी बदलावी लागणार. मग आत्ताच का नको?"

"उद्या जळली तर!" तरकाका म्हणाले.

"तेच म्हणतो मी!" वायरमन म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे अशा काही जिव्हाळ्याने पाहिलं, की तरकाकांची बायको कपाळावर हात मारून आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा तरकाकांना आपलं माणूस भेटलं होतं.

आणि मग ती चूक झाली. नवीन येणारच आहे, तर जुनं कशाला, म्हणून दोघांनी मिळून चांगली चालती बेल काढून टाकली. बटणाच्या जागी काळी पट्टी, तिच्यावर तरकाकांची चिठ्ठी: 'बेल बंद आहे. काम प्रगतिपथावर. गैरसोयीबद्दल दिलगीर.' म्हणजे इतके दिवस बेल वाजत होती आणि आप्पांना ऐकू येत नव्हती. आता कुणालाच ऐकू येणार नव्हती. ही प्रगती.

त्या दुपारी टोपीवाले आले. हे समोरच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या दारातून पाहिलं आणि नंतर सांगितलं. त्यांना चिठ्ठी वाचता आली नाही. त्यांनी सवयीने बोट नेलं तिथे बटण नव्हतं. भिंत चाचपली, थोडं वर, थोडं खाली. मग काठीने दारावर टकटक केलं. आत, दोन हातांवर, आप्पा पट मांडून बसले होते, पांढऱ्या सोंगट्या टोपीवाल्यांच्या बाजूला. टोपीवाले थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "बेलसुद्धा काढून ठेवली," आणि गेले.

हे ऐकल्यावर तरकाका माळ्यावर टाकलेली जुनी बेल काढायला निघाले. पण आता परत फिरणं म्हणजे ऑफिसातला तो हशा घरातही ऐकणं. "शनिवारी सगळं चालू होईल," ते म्हणाले. "टोपीवाल्यांना सांग, शनिवारी दुपारी या. दार त्यांना नावाने ओळखेल."

लेक निरोप देऊन आली. "येतो म्हणाले. निरोप घ्यायला."

शनिवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते तरकाकांनाच ठाऊक. दारावर कॅमेरा बसला, त्याखाली पडदा, पडद्यातून बोलणारी एक बाई. आप्पांच्या खुर्चीसमोर एका दिव्याऐवजी दिव्यांची ओळ लागली: ओळखीचा माणूस हिरवा, अनोळखी लाल, डॉक्टरीणबाईंचा पेशंट पिवळा, सेक्रेटरी जांभळा. चाचणीच्या वेळी जिन्यातून मांजर गेलं आणि सगळे एकदम पेटले. आप्पा खूश झाले. "सर्कस आली वाटतं," म्हणाले. स्वयंपाकघरातला दिवा लावला की पडद्यातली बाई 'स्वागत आहे' म्हणायची. बायको तिला "तुझ्या घरी आहेस का गं तू?" असं विचारू लागली, तेव्हा लेकीला काळजी वाटली.

शनिवारी दुपारी सगळं घर भरलं. हेडमास्तर, डॉक्टरीणबाई, सेक्रेटरी, वायरमन. अखेर त्या बारा माणसांच्या टेबलाचा उपयोग झाला, पाहुणे त्याच्याभोवती अडकून उभे होते. आप्पा सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. पट मांडलेला. तरकाकांनी घसा साफ केला. काम केवढं मोठं आहे, त्यात पुढे काय काय वाढवता येईल, उद्या इमारतीला नवीन मजले चढले तर सगळ्या दारांना हेच कसं लावता येईल, हे ते सांगू लागले. बाहेर ऊन मऊ झालं होतं. त्यांचाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटत होता, गोड, आणि फार लांबून.

बायको जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो. त्यांना उद्या नेणार आहेत. दिवा कुठाय?"

"हे काय, इतके दिवे..."

"त्यांनी एक मागितला होता."

 तरकाकांनी कळ दाबली. पडद्यातली बाई म्हणाली, "नवीन सुधारणा येत आहेत. कृपया थांबा." सगळे थांबले. सेक्रेटरींनी जांभई दिली. "अजून थोड्या सुधारणा येत आहेत." हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. पडद्यामागच्या तारांच्या डब्याचं झाकण सैल असावं म्हणून तरकाका ते आवळायला गेले, तर त्यातला स्क्रू निसटला, टणटण उड्या मारत गेला आणि दाराजवळ कुठेतरी पडला. तरकाका सगळ्यांदेखत जमिनीवर पालथे झाले. गाल फरशीला टेकला. फरशी गार होती.

दाराखालच्या फटीतून ऊन आत आलं होतं. जिन्याच्या खिडकीतून यायचं ते, रोज याच वेळी. फरशीवर उन्हाची एक बारीक लांब पट्टी पडली होती, सोनेरी, तिच्यात धुळीचे कण तरंगत होते. इतकी वर्षं या घरात राहून तरकाकांनी ती कधी पाहिली नव्हती. ते स्क्रू विसरले. किती शांत होतं तिथे खाली! चौकोन नाही, बाण नाही. ते बघत राहिले, बघतच राहिले, आणि पट्टीचा मधला भाग विझला. मग त्याच्या शेजारचा. दोन बूट. आणि त्यांच्या बाजूला एक बारीक ठिपका, काठीचा.

"दारात कोणीही नाही," पडद्यातली बाई म्हणाली. क्षणभर थांबून तिने दुरुस्ती केली, "दारात एक भांडे आहे." टोपी बिचारीला ओळखता आली नाही.

बाहेर कुणी भिंत चाचपत होतं. मग चाचपणं थांबलं. फरशीवरचा एक बूट वळला आणि तेवढ्या जागेत ऊन परत आलं.

तरकाका उठले ते टेबलाला थडकतच उठले. पण कडीला हात घालण्याआधी त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आप्पांना खांद्याला धरून उठवलं, दाराकडे वळवलं आणि त्या पट्टीकडे बोट दाखवलं. आप्पांनी पाहिलं. चपला न घालताच ते निघाले, पोट आत घेऊन, खांदा पुढे करून, टेबलाच्या कडेकडेने. आणि कडी त्यांनीच काढली.

टोपीवाले जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते, पाठमोरे.

"टोप्या! डाव मांडलाय केव्हाचा. कुठे चाललास?"

टोपीवाले वळले. दारातली आकृती त्यांना नीट दिसली नसणार, पण आवाज त्यांना पुरे होता. "उघडतं होय अजून," ते म्हणाले. "मला वाटलं..." आणि काय वाटलं ते न सांगता आत आले, आपल्या जागी बसले आणि बसल्या बसल्या आप्पांचा एक उंट खिशात टाकला. सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं, आप्पांनीही पाहिलं.  तरकाका मात्र फ्रिजमागे जाऊन डोळे पुसून आले. चिठ्ठ्या गोळा करायला गेलो होतो, असं त्यांनी नंतर सांगितलं.

डाव संपल्यावर टोपीवाल्यांनी लेकीला फोन लावायला सांगितला. "मुलीला सांग, उद्या ये, जेवायला ये. पण बॅग भरलेली नाही म्हणावं." उन्हाच्या पट्टीची हकीकत आप्पांनी त्यांना खेळता खेळता सांगितली होती; मग त्यांनी तरकाकांकडे मान वळवली. "पण ढग असले म्हणजे तुझी ती उन्हाची पट्टी काय कामाची? एक दिवा लाव रे बाबा."

सोमवारी वायरमन आला. डोळ्यांत पाणी आणून त्याने कॅमेरा उतरवला, पडदा उतरवला, पडद्यातल्या बाईला पिशवीत घातलं. जुनी बेल माळ्यावरून खाली आली. तिच्या तारेला दोन तारा जोडल्या, दुसऱ्या टोकाला एक होल्डर, होल्डरमध्ये एक साधा दिवा. चहा निवायच्या आत काम झालं. "एवढंच?" वायरमनने विचारलं. त्याला खरोखर दुःख झालं होतं. त्याच आठवड्यात तरकाकांनी ऑफिसात रजेचं सॉफ्टवेअर चाळीस माणसांपुरतं करून दिलं. "शंभर झाले तर?" साहेबांनी विचारलं. "झाले की मला हाक मारा," तरकाका म्हणाले, आणि चहा प्यायले.

दिवा बघायला इमारत पुन्हा जिन्यात जमली. तरकाकांनी सगळ्यांना बाहेरच उभं केलं आणि दार ओढून घेतलं. आत आप्पा एकटे, खुर्चीत.

"नोंद नाही म्हणजे राहणार," हेडमास्तर खिन्नपणे म्हणाले. डॉक्टरीणबाईंच्या दारात एक सुजलेला गाल वाट पाहत होता. सेक्रेटरींनी भिंत न्याहाळली, भोक सापडलं नाही, तेव्हा बेचैन होऊन त्यांनी विचारलं, "आणि दिवाच गेला तर?"

 तो शब्द आजवर एकाच माणसाचा होता, आणि सगळे त्याच्याकडे बघू लागले. तरकाकांच्या ओठांवर काहीतरी आलं. छत, चौकोन, बाण, सगळं क्षणभर त्यांच्या डोळ्यांसमोरून तरंगत गेलं, आणि गेलं ते गेलंच.

"गेला तर बदलू," ते म्हणाले.

एवढ्यात खालून काठी वाजली. टोपीवाले वर आले, मंडळी बाजूला सरली. त्यांनी बोट नेलं; बटण जिथल्या तिथे होतं. बेल वाजली. तरकाकांनी सवयीने दार ढकलायला हात पुढे केला, तशी टोपीवाल्यांनी काठी आडवी धरली.

"थांब," ते म्हणाले. "त्याला उघडू दे."

सगळे थांबले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग टेबलाला काहीतरी थडकल्याचा, आणि टेबलाच्या नावाने आप्पांनी हासडलेल्या एका शिवीचा. टोपीवाल्यांनी टोपी नीट केली.